एकटा जीव आणि सहा जणांचा डबा : लिफ्टची रांग आणि एकट्याचं स्कीइंग

मी कडकोळहून बोलतोय. म्हैसूरहून नंजनगूडकडे निघालात की वाटेत लागतं हे गाव. कारखान्यांची वसाहत, छोटंसं रेल्वे स्टेशन आणि जवळच चामुंडीचा डोंगर. इथे बर्फ बघायचा तर उसाच्या रसाच्या गाड्यावर. तरीही आजचा विषय स्कीइंगचा आहे, आणि तोही एकट्याने करायच्या स्कीइंगचा. कारण एक प्रश्न बेळगावपासून इंदूरपर्यंत सगळीकडची मराठी माणसं विचारतात : "जायची फार इच्छा आहे, पण सोबत कोणी नाही. मित्रांना सुट्टी नाही, घरच्यांना थंडी सोसत नाही. एकट्याने गेलं तर चालेल का?"

याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. लिफ्टच्या रांगेत एकटं असणं फायद्याचं आहे. आखलेल्या उतारावर एकटं असणं आनंदाचं आहे. आणि आखलेल्या उतारापलीकडे एकटं असणं जिवावर बेतणारं आहे. या तिन्ही गोष्टी नीट वेगळ्या केल्या की भीतीही कमी होते आणि फाजील धाडसही. तर एकेक करून बघू.

रांग का लागते?

आपल्याला रांगेची सवय आहे. आषाढातल्या शुक्रवारी चामुंडीला या, नाहीतर एकादशीला पंढरपूरला जा. पण देवळाची रांग आणि लिफ्टची रांग यांत एक मोठा फरक आहे. देवासमोरून माणसं एकेक करून पुढे सरकतात. तुम्ही चौघे आलात काय नि एकटे आलात काय, रांगेला फरक पडत नाही. लिफ्ट मात्र माणसांना घोळक्याने उचलते. एक डबा येतो, त्यात सहा जागा असतात. चौघांचं कुटुंब आत बसलं, दार बंद झालं, की दोन जागा रिकाम्याच वर जातात. ती जागा परत येत नाही.

गुलमर्गच्या गोंडोल्याचा हिशेब करू. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्गहून, म्हणजे सुमारे २,६५० मीटरवरून, कोंगडोरीला नेतो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत चढतो. डबे सहा जणांचे. पहिल्या टप्प्याची क्षमता ताशी सुमारे ६०० माणसं अशी सांगितली जाते. म्हणजे तासाला १०० डबे, दर ३६ सेकंदांना एक. तुमच्यापुढे ३०० माणसं असतील आणि प्रत्येक डबा भरून जात असेल, तर तुमचा नंबर अर्ध्या तासात लागेल. पण प्रत्येक डब्यात चौघेच बसत असतील, तर तासाला ४०० माणसंच जातात आणि तुम्ही पाऊण तास उभे राहता. यंत्र तेच, वेगही तोच. रांग लांबली ती रिकाम्या जागांमुळे.

लोकांना वाटतं, लिफ्ट जोरात पळवली की रांग संपेल. चेअरलिफ्टच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. साध्या चेअरलिफ्टची खुर्ची दोरीला कायमची घट्ट बसवलेली असते. तिचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास ठेवावा लागतो, कारण त्याहून वेगाने येणाऱ्या खुर्चीवर माणसाला बसता येत नाही. नव्या प्रकारात खुर्ची स्टेशनात आल्यावर वेगवान दोरीपासून सुटते, हळू होते, माणसं बसली की पुन्हा दोरीला पकडते आणि सेकंदाला पाच मीटरच्या आसपास पळते. प्रवास निम्म्या वेळात होतो. पण माणसाला बसायला लागणारे सेकंद तेवढेच असतात. दोन्हीकडे दर सहा सेकंदांना चार जणांची एक खुर्ची सुटत असेल, तर दोन्हीकडून तासाला २,४०० माणसंच वर जाणार. वेगामुळे हवेत बसण्याचा वेळ वाचतो, खाली उभं राहण्याचा नाही.

"एक सीट! एक सीट!"

आता एकट्याचा फायदा. वडापची जीप भरत आली की ड्रायव्हर काय ओरडतो? "एक सीट, एक सीट!" त्या वेळी तिघांचा घोळका स्टँडवर उभाच राहतो आणि मागून आलेला एकटा माणूस चढून निघूनही जातो.

युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच स्की रिसॉर्टवर हीच युक्ती पक्की करून ठेवली आहे. मुख्य रांगेशेजारी एकट्यांसाठी वेगळी, अरुंद रांग असते. चार जणांच्या खुर्चीसाठी तिघे पुढे आले की कर्मचारी या रांगेतला एक जण चौथ्या जागेवर पाठवतो. समजा मुख्य रांगेत सगळे तिघा-तिघांचे गट आहेत. मग दर तासाला सुटणाऱ्या ६०० खुर्च्यांमध्ये ६०० जागा एकट्यांसाठी मोकळ्या होतात. एकट्यांच्या रांगेत ५० जण असतील, तर पाच मिनिटांत तुमचा नंबर. यात कोणाचंही नुकसान नाही. तुम्ही कोणाची जागा घेत नाही, वाया जाणारी जागा भरता.

गंमत म्हणजे पहिल्या चेअरलिफ्टला ही अडचणच नव्हती. १९३६ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीत ती सुरू झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेचा अभियंता जेम्स करन याने केळीचे घड बोटीवर चढवण्याच्या यंत्रावरून ती कल्पना उचलली होती. घडाच्या जागी खुर्ची, आणि एका खुर्चीत एकच माणूस. व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेन इथे अशी एका माणसाची खुर्ची आजही चालते. पुढे खुर्च्या दोघांच्या, चौघांच्या, सहा-आठ जणांच्या झाल्या आणि रिकाम्या जागेचा प्रश्न आला. त्यातूनच एकट्याला भाव आला.

वेगळी रांग प्रत्येक ठिकाणी नसते. नसेल तर रांगेत आपल्या क्रमानेच उभं राहायचं, आणि दाराजवळ आल्यावर पुढच्या कुटुंबाला किंवा तिथल्या कर्मचाऱ्याला सरळ विचारायचं, "एक जागा आहे, मी बसू का?" बहुतेक वेळा होकारच मिळतो. मात्र विचारल्याशिवाय घुसायचं नाही. हनिमूनला आलेलं जोडपं असेल, तर पुढच्या डब्याची वाट बघण्यात शहाणपण आहे.

कधी उभं राहायचं, कधी नाही

परदेशातल्या रिसॉर्टवर रांगेत बहुतेक स्कीअरच असतात. त्यामुळे त्यांच्या जेवणाच्या वेळेवर रांग हलते. बारा ते एकच्या दरम्यान सगळे जेवायला बसतात, तेव्हा लिफ्ट मोकळ्या असतात. एकट्याला कोणासाठी थांबायचं नसतं. अकराला खा किंवा दोनला खा, आणि मधला तास उतारावर घालवा. दुसरी गोष्ट : पायथ्याच्या लिफ्टवर सगळं गाव जमतं. एकदा वर पोहोचलात की दर वेळी तळापर्यंत उतरू नका, वरच्या लिफ्टवरच फेऱ्या करा.

गुलमर्गचं गणित वेगळं आहे. तिथल्या रांगेत स्की न करणारे पर्यटक फार मोठ्या संख्येने असतात. त्यांना वर जाऊन बर्फ बघून, फोटो काढून परत यायचं असतं. म्हणून तिथे सकाळी लिफ्ट उघडण्याआधी पोहोचणं हाच सगळ्यात चांगला उपाय. गोंडोल्याचं तिकीट आगाऊ ऑनलाइन काढावं लागतं, दोन टप्प्यांची तिकिटं वेगळी असतात आणि हंगामात ती लवकर संपतात. दर आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. "लगेच वर पोहोचवतो" म्हणणाऱ्याच्या हातात रोख पैसे देऊ नका.

आणि एक. जोरात बर्फ पडून गेल्यावर किंवा वारा सुटल्यावर दुसरा टप्पा उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही. त्या वेळी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नका. २५ जून २०१७ रोजी जोरदार वाऱ्यात झाड कोसळून गोंडोल्याचा अपघात झाला आणि ७ जण गेले. उत्तराखंडात जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये औलीचा रोपवे थांबवावा लागला. लिफ्ट बंद ठेवणारा माणूस तुमची सुट्टी वाया घालवत नसतो.

बसायचं कसं, उतरायचं कसं

व्हिडिओत हे मी हातवारे करून दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगतो. एकट्याला शेजारी "आता बस" म्हणणारं कोणी नसतं, म्हणून क्रम पाठच असू द्या.

रांगेत पुढच्याच्या स्कीवर आपली स्की चढवू नका. खुर्चीची पाळी आली की पोलचे पट्टे मनगटातून काढा आणि दोन्ही पोल एका हातात धरा. पाठीवरची सॅक काढून पुढे, मांडीवर घ्या, कारण तिचा पट्टा खुर्चीत अडकला तर वर उतरता येत नाही. मफलरची टोकं जॅकेटच्या आत. खुणेच्या रेषेवर उभं राहून मागे वळून बघा, खुर्ची गुडघ्यांना टेकली की खाली बसा, मग अडसराची दांडी खाली घ्या. वर पोहोचताना दांडी उचला, स्कीची टोकं वर ठेवा, जमीन लागली की उभं राहा, आणि सरळ पुढे जाऊन बाजूला व्हा. पडलात तर लाजू नका. मान खाली घालून वाटेतून सरका, कर्मचारी खुर्ची थांबवतो. उतरण्याच्या जागी थांबून फोन काढणं मात्र सगळ्यात वाईट, कारण दर काही सेकंदांना मागून माणसं येतच असतात.

काही ठिकाणी ड्रॅग लिफ्ट असते, म्हणजे दोरीला लोंबणारी दांडी. तिच्यावर बसायचं नसतं. तिला टेकून उभं राहायचं आणि तिने ओढत न्यायचं. जो बसतो तो पडतो.

आखलेल्या उतारावर एकटं

आता आनंदाची बाजू. चौघे मिळून गेलं की सगळ्यात हळू असणाऱ्यासाठी तिघे थांबतात, आणि सगळ्यात वेगवान असणाऱ्याच्या नादाने तिघे आपल्या कुवतीबाहेर जातात. बरेचसे अपघात या दुसऱ्या प्रकारात दडलेले असतात. एकट्याला हा दबाव नाही. एकच उतार दहा वेळा करा. डाव्या वळणावर पाय घसरतो ना? मग आज फक्त डावं वळण. कोणी कंटाळणार नाही. दमलात की थांबा, देवदाराखाली बसून थर्मासमधला चहा घ्या. रियाज एकट्यानेच करायचा असतो, तसंच हे.

पण एकटे असलात तरी उतारावर इतर लोक असतातच. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १० नियम जगभर मानले जातात. त्यांतले चार तरी तोंडपाठ हवेत. वेग आपल्या ताब्यात ठेवायचा. खालच्या माणसाला वाट द्यायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. थांबायचं तर कडेला, अरुंद वाटेवर किंवा वळणाआड नाही. आणि अपघात दिसला तर थांबून मदत करायची. घाटात वर चढणाऱ्या गाडीला वाट देतो ना, इथेही खालच्याचा मान आधी.

एकट्यासाठी आणखी चार बारीक गोष्टी. पहिली : तुम्ही आज कुठल्या लिफ्टवर आहात आणि किती वाजेपर्यंत परत याल, हे हॉटेलातल्या एका माणसाला रोज सांगा, आणि परत आलात की आलो म्हणून कळवा. दुसरी : इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. कर्नाटक-महाराष्ट्रातून जाणाऱ्याने हे आधीच बघावं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. तिसरी : खिशात कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर. चौथी : प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

शेवटच्या फेरीचा मोह आवरा. चार वाजता पाय थकलेले असतात, ऊन गेलेलं असतं आणि मऊ बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा होतो. सोबत कोणी असेल तर ते म्हणतं, "बास आता." एकट्याने ते स्वतःला म्हणायला शिकलं पाहिजे.

दोरीपलीकडे एकटं नको

आता तिसरी गोष्ट, आणि इथे माझा सूर बदलेल. गुलमर्गची जगभर कीर्ती आहे ती अफरवटच्या भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी. पण तिथे नीट आखलेले, यंत्राने दाबलेले उतार थोडे आहेत. गोंडोल्याच्या आसपासच्या भागावर स्की पेट्रोलची नजर असते, हिमस्खलनाचा धोका तपासला जातो. त्यापलीकडे सगळा मोकळा डोंगर आहे, आणि तो अगदी तसाच सुंदर दिसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच रशियाचा एक स्कीअर गेला.

इथे लोक म्हणतात, "मी बीकन विकत घेईन." बीकन म्हणजे अंगावर बांधायचं छोटं यंत्र. तुम्ही बर्फाखाली गाडले गेलात तरी ते संदेश पाठवत राहतं. पण तो संदेश पकडायला वर दुसरं बीकन लागतं, नेमकी जागा शोधायला लांब सळई लागते, खणायला फावडं लागतं, आणि हे सगळं चालवणारा माणूस लागतो, तोही लगेच. पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची आशा चांगली असते, पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत ती झपाट्याने घसरते. खालून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बीकन ही हाक आहे. एकट्याची हाक ऐकणार कोण?

दुसरा धोका झाडांतला. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवतीचा बर्फ पोकळ राहतो. त्या खड्ड्यात डोकं खाली करून पडलेला माणूस स्वतःहून क्वचितच बाहेर येतो. हिमस्खलनच व्हावं लागतं असं नाही, ताज्या बर्फात एक चुकलेलं वळण पुरतं.

म्हणून दोरी ओलांडायची तर अनुभवी स्थानिक गाइड, बीकन-सळई-फावडं प्रत्येकाकडे, आणि ते वापरण्याचा सराव आधी. गाइडचे पैसे परवडत नसतील तर दोरीच्या आत राहा. तिथेही आयुष्यभर पुरेल एवढं शिकायला आहे.

पहिल्यांदाच जाणार असाल तर

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कोर्स. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर शिकवते. गढवाल मंडल विकास निगम औलीला कोर्स घेतं. इथे तुम्ही एकटे जाता आणि तुकडीत सामील होता. एकटी जाणारी मुलगी असो की साठीचे काका, प्रशिक्षक, राहणं, साहित्य आणि सोबत यांचा प्रश्न एकदम सुटतो.

स्वतःचं स्वतः जायचं असेल, तर सहा दिवस धरा. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. हिवाळ्यात तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. पहिल्या दिवशी काहीच करू नका. म्हैसूर साडेसातशे-आठशे मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर, शरीराला वेळ द्या, पाणी पीत राहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक घ्या आणि गावाजवळच्या सौम्य उतारावर थांबणं आणि वळणं शिका. या दोन दिवसांत गोंडोल्याच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही, हे अनेकांना माहीत नसतं. चौथ्या दिवशी तोच उतार एकट्याने. पाचव्या दिवशी, प्रशिक्षक हो म्हणाला तरच, सकाळच्या पहिल्या डब्याने कोंगडोरी. सहावा दिवस राखीव ठेवा, कारण हवामान तुमचं तिकीट बघून बदलत नाही.

दुसऱ्या टप्प्याचं तिकीट पहिल्या वर्षी काढू नका, काढलंत तर बघण्यासाठी जा आणि डब्यातूनच खाली या. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

पुढच्या भागात भाड्याने बूट घेताना पाय कसा बघायचा, यावर बोलू. तोवर ज्यांच्याकडे पोस्टपेड सिम नाही, त्यांनी तेवढं काम उरकून घ्या.